बैलाचं शिंग दिसतं, मग घरच्या माणसाची जखम का दिसत नाही?

जनावराच्या बाबतीत कास्तकाराची नजर मोठी तीक्ष्ण असते. वखराला चालणारा बैल मान एका बाजूला झुकवायला लागला, गोठ्यात उगाच डोकं झटकू लागला, खांबाला शिंग घासू लागला, की घरधन्याच्या ते लगेच लक्षात येतं. शिंगाच्या मुळाशी हात लावू पाहिलं तर बैल लावू देत नाही. पुढे शिंग कलतं, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ पाणी येतं. दवाखान्यात नेलं की पशुवैद्यक डॉक्टर सांगतात, शिंगाचा कॅन्सर आहे. मग शिंग मुळापासून कापतात. बैल एकशिंग्या होतो, पण वेळेवर नेलेला बैल पुन्हा कामाला उभा राहतो. आपल्या भागात हे कुणाला नवीन नाही.

नवीन असेल ते एवढंच, की बैलाच्या शिंगात होणारा हा कॅन्सर आणि माणसाच्या कातडीला होणारा एक प्रमुख कॅन्सर एकाच जातीचा आहे. डॉक्टर त्याला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणतात. चपट्या, खवल्यासारख्या पेशींचा हा कॅन्सर. बैलाला तो का होतो ह्याची जी कारणं सांगतात, त्यात शिंगाला वर्षानुवर्षं होणारं घर्षण आहे, जुवाचा मार आहे, पोळ्याला शिंगं साळणं आणि रंगवणं आहे. म्हणजे एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा त्रास. माणसाच्या बाबतीतही आपल्या भागात तेच घडतं, फक्त तिकडे आपली नजर जात नाही. मी डॉक्टर नाही, कृषी खात्यात काम करणारा पदविकाधारक माणूस आहे. पण बांधाबांधावर फिरताना हे दिसतं, म्हणून लिहायचं.

मार्च लागला की टीव्हीवर आणि मोबाइलवर उन्हाच्या क्रीमच्या जाहिराती सुरू होतात. ऊन म्हणजे कातडीचा कॅन्सर, असं एक समीकरण त्यातून शिकल्या-सवरल्या घरांत पोचलं आहे. दुसरीकडे गावात नेमकं उलट ऐकू येतं. ‘आपली कातडी काळी, राबलेली, आपल्याला काय होते?’ ह्या दोन्ही समजुती अर्ध्या खऱ्या आहेत, आणि त्यामुळेच दोन्ही घातक आहेत.

हे समजायला पुन्हा गोठ्यातच जाऊ. परदेशात हेरफर्ड नावाची गाय आहे. अंग तांबडं, तोंड पांढरं. तिच्यातल्या ज्या जनावरांच्या पापण्या रंगहीन, गुलाबी असतात, त्यांना उन्हाने डोळ्याचा आणि पापणीचा कॅन्सर होतो. ज्यांच्या पापण्यांना रंग असतो, त्यांना तो फार कमी होतो. तिथले पशुपालक पैदाशीचं जनावर निवडताना पापणीचा रंग बघतात तो ह्याचसाठी. आपल्या देशी गाईच्या पापण्या काळ्या, नाकपुड्या काळ्या. म्हणून आपल्या उन्हात ती टिकते. पण त्याच देशी बैलाला शिंगाचा कॅन्सर होतोच. काळा रंग उन्हापासून वाचवतो, घासण्यापासून नाही.

माणसाचंही तसंच. कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते छत्रीचं काम करतं. बोस्टनचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली कातडी उन्हात किती भाजते आणि किती काळवंडते ह्यावरून तिच्या पायऱ्या पाडल्या. आज त्या सहा मानतात. पहिल्या पायरीचा माणूस उन्हात फक्त लाल होतो, काळवंडत नाही. सहावी पायरी अगदी काळ्या कातडीची. आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या पायरीचे. ऑस्ट्रेलियात पहिल्या-दुसऱ्या पायरीची गोरी माणसं कडक उन्हाच्या देशात जाऊन राहिली, तिथे दर तीन माणसांत दोघांना सत्तरीच्या आत कातडीचा कुठला ना कुठला कॅन्सर निघतो. आपल्या देशात सगळ्या कॅन्सरमध्ये कातडीच्या कॅन्सरचा वाटा शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. म्हणून त्यांचा सल्ला आपण जसाच्या तसा उचलायचं कारण नाही. सावळ्या कातडीवर महागडं क्रीम चोपडल्याने कॅन्सर टळतो, असा पुरावाही आजवर पुढे आलेला नाही. शेतकऱ्याने त्यात पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. डोक्यावर शेला किंवा रुंद काठाची टोपी, अंगात लांब बाह्यांचा सुती सदरा आणि भर दुपारी सावली एवढं पुष्कळ. उष्माघातासाठीही तेच लागतं.

(खरं सांगायचं तर आपल्या जिल्ह्यांतला मोठा कॅन्सर तोंडाचा आहे आणि त्याचं कारण खर्ऱ्याच्या पन्नीत आहे. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे, लोक वाचतात आणि वाचता वाचता खर्रा घोटतात. असो.)

मग एवढ्या कमी होणाऱ्या रोगावर लिहायचं कशाला? कारण हा रोग पोटात, छातीत लपून बसत नाही. तो डोळ्यांना दिसतो. लवकर हाती लागला तर बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेत निपटतो. आणि तरीही आपल्याकडे तो उशिरा सापडतो. अमेरिकेतसुद्धा मेलॅनोमा हा कातडीचा सर्वांत वाईट कॅन्सर गोऱ्या लोकांत कितीतरी जास्त आढळतो, पण झाल्यावर दगावण्याचं प्रमाण काळ्या लोकांत जास्त आहे. ‘ह्यांना होत नाही’ असं रोगीही धरून चालतो आणि कधी कधी डॉक्टरही, हे त्याचं एक मोठं कारण. शिवाय सगळे चेहरा आणि हात बघतात. आपल्या कातडीवर तो बऱ्याचदा उन्हाच्या जागी नसतोच. तो असतो झाकल्या जागी.

पहिली जागा कमरेची. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ सालीच ‘धोतराचा कॅन्सर’ नोंदवून ठेवला आहे. धोतराची गाठ आयुष्यभर एकाच जागी आवळली जाते, तिथली कातडी बिघडते आणि शेवटी कॅन्सरवर जाते. पुढे लुगडं आणि परकर ह्यांच्या बाबतीतही तेच दिसलं. अलीकडची गोष्ट म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या मधुबनी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची हकिकत ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. एक सत्तर वर्षांची. नऊवारीच्या आत परकराची नाडी घट्ट बांधायची सवय. कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी साठीच्या पुढची. चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं घट्ट कसून नेसलेली. तिची जखम दोन वर्षांची, आणि दाखवायला आली तोवर रोग जांघेतल्या गाठीत उतरला होता.

दीड वर्ष आणि दोन वर्षं! बैलाला कोणी दीड वर्ष ठेवलं असतं का?

हे होतं कसं, ते सोपं आहे. एकाच रेषेवर रोज दाब, त्यात घाम, धूळ, चुलीची काजळी. आधी खाज येते, कातडी काळी पडते, जाड होते, कोंडा सुटतो. मग चीर पडते. चीर भरते, पुन्हा नाडी काचते, पुन्हा उघडते. असं वर्षानुवर्षं चाललं की भरून काढणाऱ्या पेशींचा तोल एखादीच्या बाबतीत सुटतो. एखादीच्याच, हे ध्यानात ठेवावं. कमरेवरचा काळा पट्टा जवळजवळ प्रत्येक बाईला असतो आणि तो म्हणजे कॅन्सर नव्हे. वाईट लक्षण आहे ती न भरणारी जखम, वर आलेला फुलकोबीसारखा मांसाचा गोळा, कडक झालेली कड, हात लागताच रक्त, घाण वास.

आमच्या महिलांच्या एका शेतीशाळेत फवारणीच्या कपड्यांवर बोलणं चाललं होतं. त्यात नाडीचा विषय निघाला तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक आजी म्हणाल्या, ‘काही नाही जी साहेब, नाडी तं साऱ्याइचीच काचते.’ अगदी खरं आहे. साऱ्यांचीच काचते म्हणून कोणीच दाखवत नाही. त्यात कापूस वेचताना बाया कमरेला ओटी बांधतात. पाच-सात किलो कापसाचं ते ओझं माझ्या मते त्याच पट्ट्यावर येतं. ओटीऐवजी खांद्यावरून अडकवायची पिशवी शिवून घेतली तर कमरही वाचेल आणि पाठही. परकराच्या नेफ्यात दोरीसारखी नाडी न घालता दोन-तीन बोटं रुंद पट्टी किंवा सैल इलॅस्टिक घालावं. गाठ रोज थोडी वर-खाली सरकवावी. घरी आल्यावर आणि रात्री सैल सोडावी. कमर धुऊन कोरडी करावी. ह्याला खर्च किती? गावातल्या शिंपीणताईला दहा मिनिटं लागतील. बचत गटांनी हे काम हाती घेतलं तर एका हंगामात सगळ्या गावाचे परकर बदलतील.

दुसरी जागा जुन्या भाजलेल्या डागाची. चुलीवर, स्टोव्हवर भाजलेल्या, उकळत्या पाण्याने पोळलेल्या बाया आपल्या गावोगावी आहेत. गुडघा, कोपर, काख अशा जागी ताणलेला चकचकीत डाग राहतो. तो तडकतो, त्यावर खपली धरते, पुन्हा तडकतो. अशा जागी २५-३० वर्षांनीसुद्धा कॅन्सर निघू शकतो. फ्रान्सच्या मार्जोलिन नावाच्या शल्यचिकित्सकाने १८२८ मध्ये अशा व्रणांचं वर्णन केलं, म्हणून त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. म्हणजे वैद्यकशास्त्राला ही गोष्ट जवळपास दोनशे वर्षं माहीत आहे. कश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्याची शेगडी, पोटाशी धरून बसतात. तिथे मांड्यांवर आणि पोटावर असाच कॅन्सर होतो. तिथे काही उन्हाचा दोष नाही, ती धग आहे. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाच्या बधिर तळपायावरची जुनी जखम, हाडापर्यंत गेलेला वाहता व्रण, फुगलेल्या शिरांमुळे घोट्यावर झालेली जखम, ह्या सगळ्यांची गत कधी कधी तीच होते.

तिसरी जागा तळपायाची आणि नखांची. इथे मेलॅनोमा होतो. गोऱ्या लोकांना तो पाठीवर, पोटऱ्यांवर, कुठेही होतो. आपल्या कातडीवर इतर जागी तो फारसा होत नाही, म्हणून आपल्यातले जे थोडे रुग्ण आहेत त्यांत तळपाय, तळहात आणि नख ह्यांचा वाटा मोठा. ह्याचाही उन्हाशी संबंध नाही. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली ह्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम फुटबॉल खेळताना लागलेला मार म्हणून सोडून दिली गेली होती. १९७७ मध्ये तो मेलॅनोमा असल्याचं कळलं आणि १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी तो गेला.

आपल्याकडे अनवाणी पायाला काय काय होतं ते सांगायला नको. काटा मोडतो, कुरूप होतं, चिखल्या होतात. त्यात एखादा काळा डाग आला तर ‘काटा राहिला असन’ म्हणून सुईने कोरतात, बिब्बा घालतात. बिब्ब्याने कातडी भाजते, खालचं काहीच बरं होत नाही, उलट डॉक्टरला मूळ डाग ओळखता येत नाही. तळपायावर नवा काळा किंवा चट्टेपट्टे असलेला डाग आला, तो पसरत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, फुटून चिघळत असेल, तर सुई बाजूला ठेवावी. नखाची गोष्ट जरा वेगळी आहे. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर जन्मभर काळसर रेघा असतात, त्यांना भ्यायचं कारण नाही. दगड लागून नखाखाली साकळलेलं रक्त नखाच्या वाढीबरोबर पुढे सरकतं. पण एकाच नखावर नवीन रेघ आली, ती रुंदावत चालली, पुढे सरकत नाही आणि काळेपणा नखाच्या मुळाकडच्या कातडीवर उतरला, तर जिल्ह्याला जावं.

उन्हाचा कॅन्सर आपल्याकडे अजिबातच नाही असं मात्र नाही. वयस्कर माणसाच्या नाकाशेजारी, डोळ्याच्या कोपऱ्याशी काळी, चकचकीत कडेची पुळी येते, मध्ये खड्डा पडतो. लोक तिला तीळ किंवा चामखीळ समजतात. ती अंगभर सहसा पसरत नाही, पण तिथल्या तिथे नाक-पापणी खाते. खालच्या ओठावरची न भरणारी चीरही अशीच दाखवून घ्यावी. आणि ज्या मुलांचे केस, पापण्या, कातडी जन्मापासून पांढरी, ज्यांना काही गावांत सूर्यमुखी म्हणतात, त्यांच्याजवळ मेलॅनिनची छत्री जवळजवळ नसतेच. त्यांनी उन्हात राबू नये. त्यांना क्रीम, टोपी, चष्मा सगळं हवं, त्यांच्यासाठी तो खर्च फुकट नाही. कोड वेगळं. कोडाचा डाग उन्हात पोळतो म्हणून झाकावा, पण कोडाचा कॅन्सर होतो ही भीती मनातून काढावी. आणखी एक दुर्मिळ जन्मजात रोग आहे. लहानग्याला उजेड सोसत नाही, वर्ष-दोन वर्षांतच तोंडभर तिळांसारखे ठिपके येतात आणि बालपणीच कातडीचा कॅन्सर होतो. आपल्याकडे मामाच्या-आत्याच्या नात्यांत लग्नं होतात, तशा घरांत हा रोग जन्माला येण्याची शक्यता वाढते. असं मूल असेल तर उपाय एकच, त्याला उन्हापासून पूर्ण झाकणं.

आता उशीर का होतो त्याबद्दल. लाज हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे ‘लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो’ ही समजूत. तपासणीसाठी डॉक्टर जखमेचा लहानसा तुकडा काढतात, त्याला लोक घाबरतात. हीच माणसं बैलाचं शिंग मुळापासून कापू देतात आणि बैल वाचला म्हणून नारळ फोडतात! तुकडा काढल्याशिवाय जखम कशाची आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि तुकडा काढल्याने कॅन्सर अंगभर पसरत नाही. पसरतो तो दीड-दोन वर्षं हळद आणि झाडपाला लावत बसल्याने.

तिसरं कारण मजुरीचं, आणि ते मला सगळ्यांत खरं वाटतं. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा. प्रत्येक चिठ्ठीमागे एक दिवस बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो. सोंगणीच्या, वेचणीच्या दिवसांत कोण जाईल? इथे नुसती जनजागृती पुरणार नाही. आशाताई कुष्ठरोग शोध मोहिमेत घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे बघतातच. बायकांना आशाताई बघते, पुरुषांना तिच्याबरोबरचा पुरुष स्वयंसेवक. म्हणजे कातडी उघडून बघण्याची लाज तिथे आधीच ओलांडलेली आहे. त्याच फेरीत कमरेची जखम, जुना भाजलेला डाग आणि तळपाय ह्यांच्याबद्दल दोन प्रश्न वाढवले तर नवा माणूस, नवी गाडी, नवा निधी काहीच लागणार नाही. आणि ग्रामीण रुग्णालयातच ठरल्या दिवशी तुकडा काढून तो तपासणीला पाठवायची सोय झाली तर निदान दोन खेपा वाचतील. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीने हा विषय घ्यावा. आमच्या खात्यानेही घ्यावा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, त्यानंतर आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात हातमोजे आणि अंगभर कपडे हा विषय असतो. त्याच तासात दहा मिनिटं ह्याला देता येतील.

तोवर घरच्या घरी एक करता येतं. बोंडअळीचं बोंड फोडून त्याचा फोटो तुम्ही आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवता, तोही अळीच्या बाजूला काडी ठेवून. तसाच न भरणाऱ्या जखमेचा फोटो शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढावा आणि तारीख लिहून ठेवावी. पंधरा दिवसांनी दुसरा काढावा. बायकांनी हा फोटो सुनेकडून, मुलीकडून काढून घ्यावा. महिनाभर धड औषध करूनही जखम भरली नाही किंवा नाण्याच्या मानाने वाढलेली दिसली, तर दोन्ही फोटो घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. तिथल्या डॉक्टरला ई-संजीवनीवरून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरचा सल्ला घेता येतो. साधी जखम निघाली, साखरेची निघाली, तर बरंच झालं, बहुतेक वेळा तसंच निघेल. कॅन्सर निघाला तर नागपूरचं मेडिकल, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आपल्या एसटीच्या टप्प्यात आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया बसतात. जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्यावं आणि रुग्णालयात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटावं.